चष्म्याचा नंबर बरोबर होता, तरी त्यांना दिसत नव्हतं

एमए क्लिनिकल सायकॉलॉजीचं डिझर्टेशन संपलं, व्हायव्हा पण झाली, आणि या सगळ्या काळात इतक्या जणांनी विचारलं की सायकॉलॉजीची मुलगी डोळ्यांवर काय रिसर्च करते, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय. मी सांगलीची, डेटा सांगली-मिरज आणि आजूबाजूच्या गावांतच गोळा केला. विषय होता पार्किन्सन्सच्या रुग्णांची फिक्या गोष्टी ओळखायची क्षमता, म्हणजे कॉन्ट्रास्ट सेन्सिटिव्हिटी, आणि त्याचा आमच्या मेमरी टेस्टच्या मार्कांशी असलेला संबंध.

सुरुवात इंटर्नशिपमध्ये झाली. न्यूरोच्या ओपीडीतून आमच्याकडं टेस्टिंगला पेशंट यायचे, त्यातले बरेच पार्किन्सन्सचे. त्यांना मोका नावाची स्मरणशक्ती आणि बुद्धी तपासायची टेस्ट द्यायची, ३० मार्कांची असते, २००५ मध्ये कॅनडात तयार झालेली आणि आता सगळीकडं चालते. त्यात घनाचं चित्र बघून काढायचं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ काढायचं, आकडे आणि अक्षरं रेघेनं जोडायची, सिंह गेंडा उंट ओळखायचे. आता नीट बघितलं तर या ३० पैकी ८ मार्क थेट डोळ्यांवर आहेत. ज्यांना दिसतच नाही त्यांच्यासाठी याच टेस्टचं एक वेगळं रूप आहे, त्यात हे ८ मार्क काढून टाकतात आणि २२ वर हिशोब करतात. म्हणजे टेस्ट बनवणाऱ्यांना हे पक्कं माहीत आहे. पण जो पेशंट आंधळा नाही, चष्मा लावून समोर बसलाय, ज्याच्या फाईलमध्ये डोळे नॉर्मल असं लिहिलंय, त्याचं काय? तो घनाकडं बघत बसतो, कागद खिडकीकडं धरतो, 'नीट दिसंना बघा' म्हणतो आणि आपण मार्क कापून पुढं जातो. त्यात कागद झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर रेघा आधीच फिक्या. मला हे खटकायला लागलं. एखाद्याला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, सुरू झालाय असं आपण लिहून देणार, त्यावर घरचे त्याच्याकडनं दुकान काढून घेणार, बँकेचं पासबुक काढून घेणार, आणि त्यातला किती भाग मेंदूचा आणि किती डोळ्याचा हे आपण बघितलेलंच नाही.

गाईड मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या डिप्रेशन घे, प्रश्नावली तयार आहे, सहा महिन्यांत होईल, पण मग दोन दिवसांनी त्यांनीच मला पेपर पाठवले आणि म्हणाल्या वाच आणि मग बोल.

वाचल्यावर कळलं की ही गोष्ट चांगली अभ्यासलेली आहे. पार्किन्सन्स म्हणलं की आपल्याला हाताची थरथर आठवते, जेम्स पार्किन्सननं १८१७ मध्ये लिहिलं तेही थरथरीबद्दल आणि पुढं झुकलेल्या चालीबद्दलच. पण निरोप पोचवणारं जे डोपामिन नावाचं रसायन मेंदूत कमी होतं ते डोळ्याच्या पडद्यात, रेटिनात पण असतं. तिथं अमाक्राइन नावाच्या पेशी असतात, त्यातल्या काही पेशी डोपामिनवर चालतात आणि उजेड-अंधाराची, गडद-फिक्याची सीमा ठळक करायला मदत करतात. पार्किन्सन्समध्ये रेटिनातलं डोपामिन पण कमी होतं. शिवाय पापण्या लवायचं प्रमाण घटतं म्हणून डोळे कोरडे पडतात, जवळचं वाचताना दोन्ही डोळे आत नीट वळत नाहीत म्हणून अक्षरं दुहेरी दिसतात, आणि निळ्या-पिवळ्यातला फरक पण काहींना कमी कळतो. आणि यातलं जवळजवळ काहीच भिंतीवरच्या नेहमीच्या चार्टवर पकडलं जात नाही, कारण तो चार्ट स्नेलेननं १८६२ मध्ये केला तो पांढऱ्यावर काळ्या अक्षरांचा. खऱ्या आयुष्यात कुठली गोष्ट एवढी काळी-पांढरी असते? शहाबादी फरशीवर शहाबादीचीच पायरी, संध्याकाळी सिमेंटच्या रस्त्यावरचा सिमेंटच्याच रंगाचा स्पीडब्रेकर, पांढऱ्या ताटात पांढरा भात. माणूस पडतो तो इथं.

मग सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, मग पेशंटवर अभ्यास करायला परवानगी देणारी एथिक्स कमिटी. बरेच जण या कमिटीला नुसता अडथळा समजतात, मला तसं वाटलं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०१७ च्या गाईडलाईन्स आहेत, त्याप्रमाणे संमतीपत्र पेशंटला कळेल अशा भाषेत लागतं, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि आमच्या टीममधला नसलेला तटस्थ साक्षीदार लागतो. ते मी तयार केलं होतं. पण एका मेंबरनी विचारलं, तुम्ही पेशंटला विचारणार की तुम्हाला नसलेली माणसं दिसतात का, समजा तो हो म्हणाला, मग? तुम्ही टिक करणार आणि घरी जाणार? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. त्यातनं मग नीट ठरवलं की असं काही निघालं तर पेशंटच्या परवानगीनं त्याच दिवशी न्यूरोच्या डॉक्टरांना सांगायचं, घरच्यांशी कसं बोलायचं हे पण लिहून ठेवलं. पुढं हेच सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

आता चार्ट. कॉन्ट्रास्ट मोजायला जगभर पेली-रॉबसन चार्ट वापरतात, १९८८ चा. त्यात सगळी अक्षरं एकाच साईजची, पण तीन-तीन अक्षरांनी फिकी होत जातात, शेवटची अक्षरं कागदात विरघळल्यासारखी असतात. एक मीटरवरनं वाचायचं. अडचण अशी की अक्षरं इंग्रजी. आमच्याकडं येणाऱ्या जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या आज्यांना मराठीच जेमतेम वाचता येतं तिथं एबीसीडी कुठनं आणायची. दुसरा पर्याय इंग्रजी ई (E) चा, ज्यात ई चे पाय कुठल्या दिशेला आहेत ते हातानं दाखवायचं. पण हात थरथरतोय, कडक झालाय, त्याला दिशा दाखवायला लावायची म्हणजे आपण डोळे मोजतोय की हात हेच कळणार नाही. शेवटी लेआ सिम्बॉल्सवर आलो. फिनलंडच्या डोळ्यांच्या डॉक्टर लेआ ह्युव्हारिनेन यांनी मुळात लहान मुलांसाठी केलेली ही चित्रं, घर, सफरचंद, गोल आणि चौकोन, आणि त्यांचा फिका सेट मिळतो २५ टक्क्यांपासून १.२५ टक्क्यांपर्यंत. तोंडानं सांगायचं. कुणी सफरचंदाला पेरू म्हणालं, एका आजींनी पान म्हणलं, काही बिघडत नाही, आधी एकदा काळ्या चित्रावर नाव ठरवून घ्यायचं आणि तेच धरायचं. अजून एक, पार्किन्सन्समध्ये आवाज पण बारीक होतो, त्यामुळं मी अगदी जवळ पण बाजूला बसायचे, समोर बसलं तर माझीच सावली चार्टवर. उजेड सगळ्या चार्टवर सारखा पाहिजे, त्यासाठी दोन टेबललॅम्प आणि उजेड मोजायचं लक्समीटर घेऊन फिरायचे, लाईट गेली की ते टेस्टिंग थांबवायचं, पुन्हा पहिल्यापासून.

खरा कस लागला तो वेळेचा. पार्किन्सन्सच्या गोळीचा असर चढतो आणि उतरतो. सिंडोपा, म्हणजे लेव्होडोपा असलेली गोळी, घेतल्यावर साधारण तासाभरात माणूस मोकळा होतो आणि नंतर पुन्हा जखडतो, याला ऑन आणि ऑफ म्हणतात. लेव्होडोपानं कॉन्ट्रास्ट पण थोडा सुधारतो असं १९८० च्या दशकातच दिसलेलं आहे, म्हणजे सगळ्यांना ऑनमध्येच तपासायला पाहिजे, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. आता ओपीडीत काय होतं, पहाटेची एसटी पकडून माणूस येतो, गोळी घरी घेतलेली, केसपेपर, नंबर, डॉक्टर, आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर गोळी उतरलेली. मान खाली गेलेली, तोंडातनं शब्द निघत नाही. अशा माणसाला चित्र ओळखा म्हणायचं? म्हणून मग डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं मी घरी जाऊन टेस्ट करायचं ठरवलं. हरिपूर, बुधगाव, माधवनगर, पलूस, भिलवडी, जमेल तिथं बस, नाहीतर भावाची गाडी. गोळीची वेळ फोनवर विचारायची आणि त्या हिशोबानं पोचायचं.

घरी गेल्यामुळं माझा अभ्यासच बदलला असं म्हणलं तरी चालेल. ओपीडीत जो माणूस एक नंबर असतो त्याचं घरात काय होतं ते डोळ्यांनी दिसतं. एक काका होते, हळदीच्या सौद्यात उभं आयुष्य गेलेलं, मार्केट यार्डात त्यांचा शब्द चालायचा. मला म्हणाले, 'पोरी, हळकुंड मोडलं की आतला रंग बघून मी भाव सांगत होतो, आता सगळा माल मला एकसारखाच दिसाय लागलाय.' पोराला वाटलं वडिलांची बुद्धी चालेना, त्यांना सौद्याला न्यायचं बंद केलं. मी त्यांना कानानं ऐकून करायच्या टेस्ट दिल्या, आकडे उलटे म्हणणं, शब्द लक्षात ठेवणं, हिशोब, सगळं खणखणीत, हिशोबात तर त्यांनी मलाच मागं टाकलं. रंगाच्या चकत्या क्रमानं लावायच्या टेस्टमध्ये मात्र निळ्या-पिवळ्याच्या बाजूला गडबड, आणि फिकी चित्रं फार लवकर दिसेनाशी झाली. चकत्या मी हलवायचे, कुठली पुढं ते त्यांनी सांगायचं, म्हणजे हाताचा प्रश्न नव्हता. पोराला बसवून हे दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, मग वडिलांना म्हणाला, 'आबा, उद्यापासनं या, रंग मी सांगतो, भाव तुम्ही सांगा.' काका आता परत जातात.

दाराचा प्रश्न पण घरोघरी बघितला. पार्किन्सन्सच्या माणसाचे पाय दारात चिकटतात, उंबऱ्यापाशी तर हमखास, याला फ्रीझिंग म्हणतात. घरचे मागनं म्हणतात 'चला की, उचला पाय', त्यानं अजूनच अडतं. इंग्लंडचे न्यूरॉलॉजिस्ट पर्डन मार्टिन यांनी १९६७ मध्येच लिहून ठेवलंय की जमिनीवर आडव्या रेघा मारल्या तर हीच माणसं त्या ओलांडत चालायला लागतात. आतनं येणारी चालायची ताल बिघडलेली असते पण डोळ्यांनी दिसणारी खूण तो रस्ता उघडून देते. पण यात अट आहे, खूण दिसली पाहिजे! करड्या फरशीवर करडी पट्टी लावून उपयोग नाही. फिजिओथेरपिस्टनी अंतर सांगितलं त्याप्रमाणं आम्ही काळपट फरशीवर पांढऱ्या टेपच्या पट्ट्या लावल्या, काही घरात लगेच फरक पडला, काहींना अजिबात नाही. सगळ्यांना होतोच असं नाही.

आता भासांबद्दल, कारण हे लिहिलं नाही तर सगळं लिहून उपयोग नाही. पार्किन्सन्समध्ये, आणि त्याच्याच जवळच्या लेवी बॉडी डिमेन्शिया या आजारात तर फारच, नसलेल्या गोष्टी दिसतात. कडेनं मांजर गेल्यासारखं वाटतं, मागं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं, खुंटीवरचा सदरा माणूस वाटतो, पुढं पुढं स्पष्ट माणसं, लहान मुलं दिसतात. हे सांगत कुणी नाही. मॅडमनी शिकवलं होतं तसं मी सुरुवात कधीच थेट करायचे नाही, आधी डोळे कोरडे होतात का, मग संध्याकाळी कमी दिसतं का, मग अंधारात टांगलेले कपडे वेगळे वाटतात का, असं करत करत. पलूसकडच्या एक आजी होत्या, सूनबाई चहा ठेवायला आत गेली तशा हळूच म्हणाल्या, 'दिवस मावळला की माळ्यावर पोरं येऊन बसत्यात. काय करत न्हाईत, नुसती बघत्यात.' किती दिवस झाले म्हणलं तर वर्ष होत आलेलं. कुणाला सांगितलं का? नाही. का? 'देवऋष्याकडं नेत्याल की गं मला.' त्या एकट्या रोज संध्याकाळी ते बघत होत्या आणि गप्प होत्या. मला रडू आवरेना झालं होतं खरं सांगायचं तर.

त्यांच्या परवानगीनं डॉक्टरांना फोन केला. गोळ्या बघितल्या तर त्यात ट्रायहेक्सिफेनिडिल होतं, थरथरीसाठी देतात, पण वयस्कर माणसांत त्यानं धूसर दिसतं आणि भास पण वाढू शकतात. डॉक्टरांनी ते हळूहळू कमी केलं, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला होता त्याचं ऑपरेशन झालं, खोलीत उजेड वाढवला. पोरं येणं बरंच कमी झालं. इथं एक कळकळीनं सांगते, ही गोळी घरच्या घरी कुणी बंद करू नका, एकदम बंद केली तर त्रास होतो, डॉक्टरच कमी करतात. आणि भास होतात म्हणून कुणी परस्पर हॅलोपेरिडॉलसारखं औषध सुरू करत असेल तर न्यूरोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, लेवी बॉडीच्या रुग्णांना त्याची फार वाईट रिॲक्शन येऊ शकते. सुनेला मी समजावलं की बुद्धी शाबूत असलेल्या, फक्त नजर गेलेल्या माणसांना पण चित्रं दिसतात, चार्ल्स बोनेनं १७६० मध्ये स्वतःच्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलंय, डोळ्याकडनं माहिती कमी आली की मेंदू जागा भरून काढतो. बाहेरची बाधा वगैरे काही नाही. शेजारच्या साताऱ्याचे दाभोलकर आयुष्यभर हेच सांगत आले आणि तरी आपल्या गावात एक आजी देवऋष्याच्या भीतीनं वर्षभर गप्प बसते, याचं मला फार वाईट वाटतं.

मोतीबिंदूनं माझे कितीतरी पेशंट कमी केले. मोतीबिंदूनं कॉन्ट्रास्ट उतरतोच, त्यामुळं तसे सगळे अभ्यासातनं वगळावे लागले. पण वगळलं म्हणून सोडलं नाही, प्रत्येकाला डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली. लॅन्सेट या मेडिकल जर्नलच्या २०२४ च्या कमिशननं डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, टाळता येण्यासारख्या १४ गोष्टींत उपचार न केलेली कमी दृष्टी पहिल्यांदाच घेतली. सिएटलमधल्या तीन हजारांवर लोकांच्या अभ्यासात ज्यांनी मोतीबिंदू काढला त्यांच्यात पुढं डिमेन्शियाचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी कमी दिसलं. त्यावरनं ऑपरेशननं डिमेन्शिया टळतो असं सिद्ध होत नाही, पण 'आता या वयात कशाला ऑपरेशन' म्हणणाऱ्या घरांना हे सांगायला पाहिजे.

एक निवृत्त शिक्षक पण वगळले गेले, त्यांचं प्रकरण वेगळंच होतं. टेबलावरचा पेन समोर असून सापडत नाही, ओळ वाचता वाचता हरवते, चष्म्यावर चष्मे बदलून झाले होते. डॉक्टरांनी स्कॅन केल्यावर पोस्टेरियर कॉर्टिकल अ‍ॅट्रॉफी निघालं, म्हणजे मेंदूचा मागचा, बघितलेल्याचा अर्थ लावणारा भाग आक्रसत जातो, बऱ्याचदा मुळाशी अल्झायमर्सच असतो. १९८८ मध्ये बेन्सन यांनी हे वेगळं म्हणून मांडलं. स्मरणशक्ती सुरुवातीला चांगली असते म्हणून कुणाला शंकाच येत नाही.

निरोगी लोकांचा गट कुठनं आणायचा हा प्रश्न सोपा सुटला, पेशंटचा नवरा किंवा बायको. वय जवळपास तेच, घर तेच, उजेड तोच.

निकाल म्हणाल तर, पार्किन्सन्सच्या गटात लांबचं वाचायची नजर चांगली असलेल्यांची पण फिकी चित्रं लवकर दिसेनाशी होत होती, आणि ज्यांना ती जास्त दिसत नव्हती त्यांचे घड्याळ-घनाचे मार्क पण कमी होते, शिक्षण आणि वय धरून पण हा संबंध राहिला. कानानं करायच्या टेस्टशी मात्र तो तसा जुळला नाही. सॅम्पल लहान आहे, एकदाच मोजलंय, त्यामुळं यातनं कारण-परिणाम काढता येत नाही, आणि डोळा व मेंदू दोन्हीकडं एकच आजार वाढत असणार हे पण खरं. व्हायव्हात एक्स्टर्नल परीक्षकांनी विचारलंच की हे ऑप्टोमेट्रीचं, म्हणजे नजर तपासणाऱ्यांचं, काम नाही का. मी म्हणाले सर, रिपोर्टवर सही आपली, सायकॉलॉजिस्टची असते. त्यांनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं.

आता आमच्या विभागात टेस्ट द्यायच्या आधी फिक्या चित्रांचा कार्ड दाखवायचा असं ठरलंय, रिपोर्टमध्ये त्याची एक ओळ येते, आणि कागद झेरॉक्स नाही, प्रिंटच काढायचा, जाड रेघांचा. घरच्यांना मी ताटाबद्दल पण सांगते. बोस्टनच्या ॲलिस क्रोनिन-गोलम्ब या सायकॉलॉजिस्टच्या गटानं २००४ मध्ये दाखवलं की पुढच्या टप्प्यातल्या अल्झायमर्सच्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी गडद लाल ताट-पेले दिले तर खाणं २५ टक्के आणि पिणं ८४ टक्के वाढलं. अभ्यास अगदी छोटा होता, पण करून बघायला खर्च किती? दहीभात गडद ताटात द्या, ताक रंगीत पेल्यात द्या.

माझं पुढचं काम चार्टचंच आहे. देवनागरीचा फिका होत जाणारा चार्ट करायचाय, वाचता येणाऱ्या मराठी माणसाला सफरचंद-घर ओळखायला लावण्यापेक्षा अक्षरं दिलेली बरी. पण आपल्या अक्षरांना सगळ्यांना वर शिरोरेघ, घ-ध, भ-म, ब-व एकमेकांसारखी, त्यामुळं सारख्या कठीणपणाची अक्षरं आधी निवडावी लागतील, आणि मग ती ठराविक टक्क्यांनी फिकी छापावी लागतील. अक्षरांचं डिझाईन करणारं कुणी असेल, किंवा शाईचा फिकेपणा मोजायचं डेन्सिटोमीटर ज्याच्याकडं आहे असा ऑफसेटवाला कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा, सांगलीत नसेल तर कोल्हापूर-इचलकरंजीला यायची माझी तयारी आहे.